युद्ध कोणी केलं? जुलै १९१४ वर्गाच्या भिंतीवर मांडण्याची रीत

पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली की धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही अभ्यासिकेत एकच उत्तर तोंडपाठ मिळतं: साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद, गटबाजी आणि शेवटी साराजेव्होची ठिणगी, म्हणजे २८ जून १९१४ ला तिथे झालेला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा खून. उत्तर खोटं नाही, पण त्यात माणूसच नाही. यातली पहिली चार कारणं १९११ साली मोरोक्कोच्या पेचावेळी होती, १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं झाली तेव्हाही होती. तेव्हा महायुद्ध झालं नाही, १९१४ साली झालं. हा फरक पाच मुद्द्यांच्या यादीतून कधीच सापडत नाही. तो सापडतो २८ जून ते ४ ऑगस्ट या ३८ दिवसांत कोणी, कोणत्या तासाला, कोणत्या कागदावर काय ठरवलं हे मांडल्यावर.

पुढची रीत अकरावी-बारावी, पदवीचं पहिलं वर्ष आणि स्पर्धा परीक्षेचे गट यांच्यासाठी आहे. दीड-दीड तासाच्या चार बैठका पुरतात. घाईने दोन बैठकांत बसवलं तर तहांचा भाग कापला जातो, आणि तोच सगळ्यांत जास्त चुकीचा शिकवला जातो.

भिंत आणि सामान

२२ बाय २८ इंचाचे आठ चार्ट पेपर आडवे जोडा. साधारण १८ फुटांची पट्टी होते. ३८ दिवसांचे ३८ सारखे चौकोन पाडू नका. तसं केलं की जुलैचे पहिले तीन आठवडे जवळपास रिकामे राहतात आणि शेवटच्या आठवड्यात चिठ्ठी लावायला जागा उरत नाही. २८ जून ते २२ जुलै हे २५ दिवस प्रत्येकी २ इंचांचे घ्या, म्हणजे ५० इंच. २३ जुलै ते ४ ऑगस्ट हे १३ दिवस प्रत्येकी १ फुटाचे घ्या. दोन्हींच्या मध्ये लाल जाड रेघ ओढा आणि इथे माप बदललं आहे असं तिच्यावर लिहा. नाहीतर मुलांना वाटतं की जून-जुलैत सगळे झोपले होते.

वेगळ्या भिंतीवर युरोपचा १९१४ चा नकाशा लावा. आजचा नकाशा चालणार नाही, कारण त्यात ऑस्ट्रिया-हंगेरी नाही आणि पोलंड आहे. नकाशासाठी सुतळी, पांढरा दोरा, खडू आणि टाचण्या लागतील.

आधी तह वाचा, मग दोरे बांधा

फळ्यावर दोन गट लिहिणं, एका बाजूला त्रिराष्ट्र करार (जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली) आणि दुसऱ्या बाजूला त्रिराष्ट्र मैत्री (ब्रिटन, फ्रान्स, रशिया), हीच पहिली चूक. दोन गट लिहिले की मुलं समजतात, एकाला हात लावला की बाकीचे आपोआप लढायला बांधलेले होते. तसं नव्हतं. ज्या तहात लढण्याचं लेखी बंधन आहे, तिथे सुतळी. लेखी समझोता आहे पण लढण्याचं बंधन नाही, तिथे पांढरा दोरा. कागदच नाही, नुसती आपुलकी किंवा स्वार्थ आहे, तिथे खडूची रेघ.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी, १८७९: सुतळी. पण अट अशी की दोघांपैकी एकावर रशियाने हल्ला केला तर दुसऱ्याने सगळ्या ताकदीनिशी धावून जायचं. ऑस्ट्रियाने स्वतःहून कोणावर चाल केली तर जर्मनी बांधील नाही. सुतळीला ‘हल्ला झाला तरच’ अशी चिठ्ठी अडकवा.

इटली १८८२ मध्ये यात आली. तीही सुतळी, तिलाही तीच चिठ्ठी. शिवाय तहाच्या पुढच्या नूतनीकरणांत ठरलं होतं की बाल्कनमध्ये ऑस्ट्रियाने काही बदल करायचा तर इटलीशी आधी बोलायचं आणि तिला मोबदला द्यायचा. १९१४ मध्ये ऑस्ट्रियाने इटलीला विचारलं नाही. म्हणून इटलीने ऑगस्टच्या सुरुवातीला तटस्थता जाहीर केली आणि तहाच्या शब्दांप्रमाणे ती बरोबर होती. रुमानियाचा १८८३ चा गुप्त करारही असाच. तिने १९१४ मध्ये हात वर केले आणि १९१६ मध्ये समोरच्या बाजूने उतरली.

फ्रान्स आणि रशिया, १८९२ चा लष्करी करार, १८९४ मध्ये पक्का: सुतळी, आणि सगळ्यांत घट्ट. जर्मनीने हल्ला केला तर दोघांनी लढायचं हे त्यात आहेच. पण समोरच्या तीन देशांपैकी एकाने जरी सैन्याची जमवाजमव सुरू केली, तरी दोघांनी लगेच आपली सुरू करायची असंही कलम त्यात आहे. हे कलम मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. पुढे तिसऱ्या बैठकीत त्याची गरज पडते.

ब्रिटन–फ्रान्स १९०४ आणि ब्रिटन–रशिया १९०७: दोन्ही पांढरे दोरे. पहिल्यात इजिप्त आणि मोरोक्को, दुसऱ्यात इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट. युरोपात युद्ध झालं तर ब्रिटन लढेल असं एकही वाक्य त्यांत नाही. मात्र १९०६ पासून ब्रिटिश आणि फ्रेंच सेनाधिकारी एकमेकांशी गुपचूप बोलत होते, आणि १९१२ मध्ये फ्रान्सने आपलं मुख्य आरमार भूमध्य समुद्रात नेलं, उत्तरेचा किनारा ब्रिटनच्या भरवशावर सोडला. सातबाऱ्यावर नाव नाही, पण वहिवाट आहे, अशी ही गत. खान्देशातल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं.

बेल्जियम, १८३९: ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया या पाच सत्तांनी त्याच्या तटस्थतेला जामीन राहण्याचं कबूल केलं. बेल्जियमपासून पाचही राजधान्यांपर्यंत सुतळी न्या. प्रशियाची सही म्हणजे पुढे जर्मनीची सही हे सांगायला विसरू नका. जामीनदारानेच कर्जदाराच्या घरात घुसावं तसं पुढे झालं.

आता रशिया आणि सर्बिया. इथे बहुतेक जण सुतळी बांधतात. रशियाचा सर्बियाशी संरक्षणाचा कोणताही तह नव्हता. स्लाव्ह भावकी होती आणि १९०८-०९ चा अपमान होता. ऑस्ट्रियाने ऑक्टोबर १९०८ मध्ये बोस्निया गिळला आणि मार्च १९०९ मध्ये जर्मनीच्या दबावाखाली रशियाला गप्प बसावं लागलं. म्हणून खडूची रेघ. एका मुलाला सर्बियाची टाचणी ओढायला सांगा. नकाशावरचं काहीच हलत नाही. गटबाजीमुळे युद्ध आपोआप पसरलं ही समजूत इथे मोडते. खडूच्या रेघेवर चालत जायचं रशियाने ठरवलं, आणि त्याआधी ऑस्ट्रियाला पाठीशी घालायचं जर्मनीने ठरवलं.

तारखांचा घोळ आधी सोडवा

रशिया आणि सर्बिया तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग वापरत. ते १३ दिवस मागे. रशियन कागदावर १७ जुलै दिसलं की भिंतीवर ते ३० जुलैच्या चौकोनात लावायचं. मध्य प्रदेशातल्या पंचांगात श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, हे सीमेवरच्या रावेर-यावलच्या मुलांना ठाऊक असतं. तिथून सुरुवात केली की वेगळं समजावावं लागत नाही.

तासांचंही तसंच. बर्लिनचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. बेल्जियमच्या तटस्थतेवरून ब्रिटनने जर्मनीला दिलेली ४ ऑगस्टची मुदत बर्लिनच्या मध्यरात्री संपली तेव्हा लंडनमध्ये रात्रीचे ११ वाजले होते. काही पुस्तकांत ११, काहींत १२ लिहिलेलं असतं, दोन्ही बरोबर.

चिठ्ठी कशी लिहायची

प्रत्येक चिठ्ठीवर चारच ओळी. कोणी ठरवलं. कोणाला कळवलं. कागद कधी निघाला आणि कधी पोचला. समोर दुसरा कोणता मार्ग होता.

चौथी ओळ कोरी ठेवू देऊ नका. मुलं ‘पर्याय नव्हता’ असं लिहून मोकळी होतात. ती ओळ भरली नाही तर चिठ्ठी भिंतीवर लावायची नाही, हा नियम कडक पाळा.

५ आणि ६ जुलैची चिठ्ठी नमुना म्हणून सगळ्यांसमोर लिहा. ऑस्ट्रियाचा दूत होयोस पत्र घेऊन बर्लिनला गेला. ५ जुलैला पॉट्सडॅममध्ये जर्मनीचा कैसर, म्हणजे सम्राट, विल्हेल्म दुसरा याने ऑस्ट्रियाच्या राजदूताला जेवणाला बोलावून पाठिंब्याचा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होलवेगने तो पक्का केला. त्याच दिवशी कैसर नॉर्वेच्या सफरीला निघून गेला. यालाच पुढे कोरा चेक म्हणू लागले. चौथी ओळ: १९१२-१३ मध्ये याच जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरलं होतं, म्हणजे आवरता येत होतं. ही एक ओळ लिहिली की वर्गातली चर्चा बदलते.

त्यानंतर सतरा दिवस काही दिसत नाही. का, ते शोधायला लावा. हंगेरीचा पंतप्रधान टिसा आधी युद्धाच्या विरोधात होता, तो १४ जुलैला वळला. ऑस्ट्रियाचे बरेच सैनिक पिकं काढायच्या रजेवर गावी गेले होते. हंगामात गडी बोलावले तर शेत आणि फौज दोन्ही बुडतात, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वाँकारे २० ते २३ जुलै सेंट पीटर्सबर्गला होते. ते तिथून निघाल्यावरच सर्बियाला खलिता, म्हणजे मुदत घातलेलं मागण्यांचं पत्र, द्यायचा, म्हणजे फ्रान्स आणि रशियाला एकत्र बसून उत्तर ठरवता येऊ नये, असा ऑस्ट्रियाचा हिशोब होता.

खलित्यावर पूर्ण एक बैठक

दुसरी बैठक फक्त २३ ते २५ जुलैसाठी ठेवा.

२३ जुलै, संध्याकाळी ६. ऑस्ट्रियाचा राजदूत गिझ्ल बेलग्रेडमध्ये खलिता देतो. मागण्या दहा, मुदत ४८ तास. ऑक्टोबर १९१३ मध्ये अल्बानियातून सैन्य काढायला याच ऑस्ट्रियाने याच सर्बियाला ८ दिवस दिले होते आणि सर्बियाने ऐकलं होतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा: ८ दिवस, ४८ तास.

दहा मागण्या दहा कागदांवर लिहून वाटा. मुलांनी सर्बियाचं उत्तर वाचून तीन ढीग करायचे: मान्य, अटी घालून मान्य, अमान्य. इथे गट अडखळतात आणि अडखळावेतच. पाचवी मागणी सर्बियातली ऑस्ट्रियाविरोधी चळवळ दाबायला ऑस्ट्रियाच्या यंत्रणेचं सहकार्य घेण्याची. सर्बियाचं उत्तर: मागणीचा नेमका अर्थ कळत नाही, पण आंतरराष्ट्रीय कायदा, फौजदारी कार्यपद्धती आणि शेजारधर्म यांत बसेल ते सहकार्य देऊ. हे मान्य की अमान्य? वाद होऊ द्या. सहावी मागणी कटाच्या चौकशीत ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधींनी भाग घेण्याची. तिला नकार, कारण ती राज्यघटनेच्या आणि फौजदारी कायद्याच्या विरुद्ध जाते. शेवटी सर्बियाने लिहिलं की समाधान झालं नसेल तर प्रश्न हेगच्या न्यायाधिकरणाकडे किंवा मोठ्या सत्तांकडे सोपवायला तयार आहोत. हे शेवटचं वाक्य पाठ्यपुस्तकात बहुधा नसतं. ते फळ्यावर लिहा.

इथे तोल सांभाळा. सर्बिया निव्वळ निष्पाप होता असं दाखवू नका. मारेकरी गॅव्ह्रिलो प्रिन्सिप बोस्नियाचा, म्हणजे ऑस्ट्रियाचाच प्रजाजन, वय १९. पण पिस्तुलं आणि बॉम्ब सर्बियातून आले, आणि त्यामागे सर्बियन लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख दिमित्रीयेविच होता, ज्याला एपिस म्हणत. ऑस्ट्रियाची तक्रार खरी होती. प्रश्न तिने तक्रारीवर उपाय मागितला की युद्धाचं निमित्त मागितलं, हा आहे.

त्याचं उत्तर २५ जुलैच्या संध्याकाळी मिळतं. पंतप्रधान पाशिच ६ वाजायच्या थोडं आधी स्वतः उत्तर घेऊन पोचले. गिझ्लने ते चाळलं, पुरेसं नाही म्हणून कळवलं आणि साडेसहाच्या गाडीने बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधलेलं होतं. अर्ध्या तासात दहा मागण्यांचं उत्तर तोलून होत नाही. मुलांना तेच उत्तर हातात देऊन घड्याळ लावा. अर्ध्या तासात त्यांचे ढीगही पुरे होत नाहीत.

२८ जुलैच्या चौकोनात दोन चिठ्ठ्या एकमेकींशेजारी लावा. सकाळी कैसरने सर्बियाचं उत्तर वाचून शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरलं नाही, ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड ताब्यात घेऊन थांबावं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तारेने. कैसरची सूचना व्हिएन्नाकडे गेली ती बेथमानने सौम्य करून, उशिरा पाठवली. चिठ्ठीवर पाठवल्याची आणि पोचल्याची वेळ का मागितली, ते या चौकोनात कळतं.

जमवाजमव भुसावळच्या यार्डातून समजवा

तिसरी बैठक २९ जुलै ते १ ऑगस्ट. इथे शब्दाचा घोळ होतो. जमवाजमव म्हणजे युद्ध नव्हे. राखीव सैनिकांना बोलावणं, त्यांना गणवेश-बंदुका देणं आणि रेल्वेने ठरलेल्या सीमेवर पोचवणं.

फळ्यावर भुसावळ जंक्शन काढा. मुंबईकडून येणारी लाइन, तिथून एक फाटा खंडव्याकडे, दुसरा अकोला-नागपूरकडे. मुलांना सांगा की खंडव्याकडे जाणाऱ्या ६० खास गाड्यांचं वेळापत्रक तयार आहे, २० गाड्या निघाल्या आहेत आणि आता हुकूम आला की सगळं नागपूरकडे वळवा. काय काय अडेल त्याची यादी करायला लावा. इंजिनं कुठे आहेत, समोरून येणारे रिकामे डबे कुठे उभे करायचे, घोड्यांचा चारा कोणत्या स्टेशनात उतरला, तोफा एका गाडीत आणि तोफगोळे दुसऱ्या गाडीत. दहा मिनिटांत फळा भरतो. स्टेशनाशेजारी वाढलेली मुलं शिक्षकापेक्षा जास्त मुद्दे देतात.

मग रशियाकडे या. झारला फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध अर्धी जमवाजमव हवी होती. सेनापतींनी सांगितलं की अर्धी केली तर पुढे पूर्ण करायची वेळ आल्यावर वेळापत्रक कोलमडेल. २९ जुलैला झारने पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला, रात्री कैसरची तार आल्यावर मागे घेतला, आणि ३० जुलैच्या दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने मन वळवल्यावर पुन्हा दिला. तीन चिठ्ठ्या, एकच माणूस.

जर्मनीचं गणित वेगळं. रशियन फौज सीमेआत आठवडेच्या आठवडे उभी राहू शकत होती. जर्मन योजनेत मात्र जमवाजमव आणि हल्ला यांच्यात फट नव्हती, कारण रशिया तयार होण्याआधी बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला हरवायचं होतं आणि त्यासाठी लीएजचा किल्ला पहिल्याच दिवसांत घ्यायचा होता. भांडण बाल्कनमध्ये, प्रतिस्पर्धी रशिया, आणि पहिलं पाऊल बेल्जियममध्ये. ही उलटी चाल मुलांच्या डोक्यात बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

१ ऑगस्टच्या संध्याकाळचा प्रसंग सविस्तर घ्या. लंडनहून तार आली, तिचा अर्थ असा लावला गेला की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूश झाला, म्हणाला सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. सरसेनापती मोल्टके म्हणाला, होणार नाही. तेवढ्यात एक जर्मन तुकडी लक्झेंबर्गच्या सीमेवरचं एक स्टेशन घेऊन बसली होती, तिला परत बोलावलं. रात्री लंडनहून खुलासा आला की गैरसमज झाला. कैसरने मोल्टकेला मोकळीक दिली. चौथ्या ओळीत काय लिहायचं? मुलं लिहितात, गाड्या वळवता आल्या नसत्या. मग विचारा, थांबवता आल्या असत्या का?

कागदाची जात ओळखा

चौथ्या बैठकीत शेवटचे तीन दिवस भराभर होतात: २ ऑगस्टला जर्मनीची बेल्जियमला १२ तासांची मुदत, ३ ला फ्रान्सविरुद्ध युद्ध, ४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये आणि ब्रिटनची मुदत. उरलेला वेळ पुराव्यांना द्या.

युद्ध सुरू झाल्याबरोबर प्रत्येक सरकारने आपली बाजू मांडायला कागदपत्रांचे संग्रह छापले, वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टनांत: जर्मनीचं पांढरं पुस्तक, ब्रिटनचं निळं, रशियाचं नारिंगी, फ्रान्सचं पिवळं, ऑस्ट्रियाचं लाल. फ्रेंच संग्रहात फेरफार करून रशियाची पूर्ण जमवाजमव ऑस्ट्रियाच्या पूर्ण जमवाजमवीनंतर झाली असं दाखवलं होतं. प्रत्यक्षात रशियाचा हुकूम ३० जुलैचा, ऑस्ट्रियाचा ३१ चा. तुमच्या भिंतीवरचे दोन चौकोन पाहूनच मुलं हे पकडतात. तिथे त्यांना त्यांच्या मेहनतीचं फळ दिसतं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर मूळ कागदाचा आग्रह धरला. त्यांचं निधन धुळ्यात झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच आहे. धुळ्याच्या वर्गाने तिथे एक चक्कर मारावी, जुना दस्त हातात कसा धरतात, तारीख कुठे असते, कोणतं अक्षर कोणाचं हे पाहावं, आणि मग परत येऊन १९१४ चे कागद वाचावेत.

उत्तर लिहिताना कर्ता शोधा

आपल्या भाषेत ‘युद्ध पेटलं’, ‘वातावरण तापलं’, ‘ठिणगी पडली’, ‘देश ओढले गेले’ ही वाक्यं सहज येतात आणि प्रत्येकात करणारा माणूस गायब होतो. उत्तर लिहून झालं की मुलांनी लाल पेनने अशी क्रियापदं अधोरेखित करायची आणि प्रत्येकाच्या वर नाव लिहायचं: बेर्कटोल्ड (ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री), बेथमान, साझोनोव्ह, प्वाँकारे, ग्रे (ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री). नाव लिहिता आलं नाही तर भिंतीकडे जायचं आणि चिठ्ठी शोधायची. २५० शब्दांच्या उत्तरात दूरची कारणं ८० शब्दांत आटपा, बाकी जागा जुलैला द्या. वर्साय तहाच्या २३१ व्या कलमाने जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली हा निकाल १९१९ मधल्या विजेत्यांचा आहे. तो उद्धृत करा, पण स्वतःचा निष्कर्ष म्हणून लिहू नका.

शेवटची चिठ्ठी ४ ऑगस्टच्या चौकोनात, ब्रिटनच्या खाली लावा. तेव्हा पूर्व आणि पश्चिम खान्देश मुंबई इलाख्यात होते, आणि इथल्या कापसाचा एक मोठा गिऱ्हाईक जर्मनी होता. पाठ्यपुस्तकातलं वाक्य असं असतं: भारतही युद्धात ओढला गेला. मुलांना ते पुन्हा लिहायला सांगा, कर्ता घालून, चारही ओळींसह. पहिल्या ओळीत व्हाइसरॉय हार्डिंगचं नाव येईल. दुसऱ्या ओळीत, कोणाला कळवलं, तिथे काय लिहायचं ते त्यांनाच ठरवू द्या.